गेटवे ते घारापुरी लाँच: तिकीट लेण्यांचं, मजा गोदीची

आधीच सांगतो, मी हे तिकीट लेण्यांसाठी काढलंच नव्हतं. गेटवेवरून घारापुरीला जी लाकडी लाँच जाते तिच्या वरच्या डेकवर जाताना डाव्या बाजूला बसलं की नेव्हल डॉकयार्ड पाण्याच्या बाजूने दिसतं आणि येताना उजव्या बाजूला बसलं की परत दिसतं, बाकी मुंबईत रस्त्यावरून त्या गोदीची फक्त भिंत, लायन गेट आणि आत-बाहेर करणाऱ्या बसेस एवढंच दिसतं. सोबत मामा होता, डॉकयार्डात बॉयलर शॉपमधून रिटायर झालेला, त्यामुळे मला गाइड फुकट मिळाला, तुम्हाला मिळेलच असं नाही.

रिटर्न तिकीट अडीचशेच्या पुढे आणि वरच्या डेकवर बसायचे पैसे वेगळे, ते लाँच सुटल्यावर एकजण येऊन सुट्टे मागतो. ते द्याच, खाली बसलात तर समोरच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. चढायची पद्धत अजून तीच आहे, तीन-चार लाँचेस एकमेकींना बांधलेल्या आणि आपण पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं करत आपल्या लाँचपर्यंत पोचायचं, मधल्या फटीत पाणी खालीवर होतंय, खलाशी हाताला धरून खेचतो. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात त्यांच्यावर शेवाळ असतं, मामाच्या गुडघ्यांची मला काळजी होती पण तो माझ्या आधी पलीकडे पोचला. वयस्कर माणसं बरोबर असतील तर भरतीची वेळ बघून निघा. लाइफ जॅकेट सगळ्यांना देतात, डिसेंबर २०२४ मध्ये नेव्हीची स्पीडबोट घारापुरीच्या लाँचवर आदळून माणसं गेली त्यानंतर ही सक्ती आली. आम्हाला मिळालेल्या जॅकेटच्या बकला मात्र अर्ध्या तुटलेल्या होत्या, मी मागून बदलून घेतलं, बाकी लोक नुसतं खांद्यावर टाकून सेल्फी काढत होते.

आता गोदी. लाँच सुटून जरा पुढे गेली की डावीकडे ब्रेकवॉटर म्हणजे लाटा अडवणारा बांध, त्याच्यामागे करड्या रंगाच्या जहाजांची रांग, क्रेन, आणि पाण्यात बाहेर आलेली लांबलचक काँक्रीटची भिंत. मामा म्हणाला, "ती बघ, विमानवाहू बसेल एवढी गोदी. आमच्या वेळी तिथं नुसतं पाणी होतं." २८ सप्टेंबर २०१९ ला राजनाथ सिंहांनी तिचं उद्घाटन केलं, २८१ मीटर लांब, ४५ मीटर रुंद, १७ मीटर खोल, आणि भारतात थेट समुद्रात उभारलेली ही पहिली ड्राय डॉक. त्याच दिवशी डॉकयार्डात खांदेरी पाणबुडी नौदलात आली त्यामुळे पेपरात सगळा फोटो पाणबुडीचाच होता, गोदीला एक कोपरा मिळाला. ड्राय डॉकचं काम मामाने शेंगदाणे खाता खाता सांगितलं ते असं की जहाज आत घ्यायचं, तोंडाला केसन म्हणजे मोठा पोलादी दरवाजा लावायचा, पंपाने पाणी उपसायचं, आणि पाणी उतरेल तसं जहाज खाली मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर बसत जातं. ठोकळा एक फूट इकडेतिकडे झाला तर पत्रा आत जातो, म्हणून त्या दिवशी डॉकमास्तर कोणाशी बोलत नाही. मग प्रोपेलर, शाफ्ट, रडर, पाणी खेचणारे व्हॉल्व्ह, हे सगळं उघडं पडतं जे एरवी पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरशिवाय कोणी बघत नाही.

त्या दिवशी विमानवाहू जहाज एकही नव्हतं आणि इथूनच माझ्या रिव्ह्यूचा खरा भाग सुरू होतो. कारण लाँचवर आमच्या मागे बसलेलं एक कुटुंब सारखं विचारत होतं की विक्रांत कुठली, विक्रांत कुठली, आणि खलाशी प्रत्येक मोठ्या जहाजाकडे बोट दाखवून "वो वाली" म्हणत होता. तुम्हालाही कोणी असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे आता दोन विमानवाहू आहेत आणि मुंबई ही दोघींपैकी कोणाचंच घर नाही. विक्रमादित्य, रशियाकडून घेतलेली जुनी गोर्शकोव्ह, २०१३ च्या नोव्हेंबरात नौदलात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये थेट कारवारला गेली. नवी विक्रांत कोचीन शिपयार्डमध्ये बांधली, २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झाली, २६२ मीटर लांब, खर्च वीस हजार कोटींच्या आसपास. ती पूर्वेकडे ठेवायची असा आधी विचार होता पण विशाखापट्टणमला तिच्यासाठी धक्का तयार नव्हता, म्हणून चेन्नईजवळ कट्टुपल्लीच्या खाजगी शिपयार्डात भाड्याने जागा घेण्याचं ठरलं, आणि शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये जहाज आलं पश्चिमेच्याच ताफ्यात. म्हणजे आमच्या सोसायटीत लोक आधी एसयूव्ही बुक करतात आणि मग सेक्रेटरीला पार्किंग विचारतात तोच प्रकार, फरक एवढाच की ही गाडी ४५ हजार टनांची आहे.

बरं नुसता धक्का असून भागत नाही. मामाचा यावर खूप जीव आहे, तो अर्धा तास थांबला नाही. विमानवाहूचा डेक पाण्याच्या रेषेपेक्षा दोन्ही बाजूंना किती तरी बाहेर आलेला असतो, ती साध्या धक्क्याला लावली तर डेक क्रेनच्या डोक्यावर येईल, म्हणून मधे तरंगते पाँटून घालून जहाज लांब धरावं लागतं. खोली लागते, विक्रमादित्य साधारण दहा मीटर पाण्यात असते, आणि मुंबईच्या बंदरात गाळ एवढा की उपसा थांबवला तर काही सांगता येत नाही. उंच डेकवर वारा लागतो म्हणून ओढायला-ढकलायला टगबोटी जास्त लागतात. जहाज उभं असताना त्याचं स्वतःचं इंजिन चालू ठेवायचं नसेल तर किनाऱ्यावरून वीज हवी, पाणी हवं, आणि दीड हजारावर माणसं उतरली की त्यांना क्वार्टर, शाळा, दवाखाना हवा. नव्या विक्रांतला चार गॅस टर्बाइन आहेत आणि विक्रमादित्यला आठ बॉयलर, म्हणजे दोघींचे स्पेअर वेगळे, वर्कशॉप वेगळं, फिटर वेगळे. रशियात २०१२ च्या ट्रायलमध्ये विक्रमादित्यच्या बॉयलरांनी दगा दिला आणि जहाज वर्षभर उशिरा मिळालं, हे सांगताना मामाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघायला हवा होता. "बॉयलरवाल्याला विचारलं असतंन तर," एवढंच म्हणाला आणि पुढे काय ते सांगितलंच नाही.

विमानांचं तर वेगळंच. मिग-२९के गोव्याला, आयएनएस हंसावर, दाबोळीचा विमानतळ ज्या धावपट्टीवर आहे तीच. २०२५ च्या एप्रिलमध्ये २६ राफेल मरीनचा करार झाला, ६३ हजार कोटींच्या घरात, त्यांनाही हँगर, सिम्युलेटर, दारूगोळ्याची कोठारं लागणारच. मुंबईत कुलाब्याला आयएनएस शिक्रा हा नौदलाचा तळ आहे पण तो हेलिकॉप्टरचा.

कारवारबद्दल मी आधी फारसा विचार केला नव्हता, पण मुंबईची गर्दी बघूनच ती जागा शोधली गेली. इथे एका बाजूला पोर्टची मालवाहू जहाजं, समोर जवाहरद्वीपचे तेलाचे टँकर, मधून मांडव्याच्या बोटी आणि मच्छीमार, यातून लढाऊ जहाज बाहेर काढायचं म्हणजे डोक्याला ताप. १९८६ मध्ये राजीव गांधींनी सीबर्डची, म्हणजे कारवारच्या नौदल तळाच्या प्रकल्पाची, पायाभरणी केली आणि कदंबा तळ सुरू व्हायला २००५ उजाडलं. मधल्या काळात आर्गा वगैरे गावांतल्या चार हजारांच्या आसपास कुटुंबांची घरं-शेतं गेली आणि नुकसानभरपाईची भांडणं कितीतरी वर्षं कोर्टात चालली, आपल्याकडे हे कोणी फारसं बोलत नाही. आता तिथे ३२ जहाजं-पाणबुड्या राहतील असा दुसरा टप्पा चालू आहे, एप्रिल २०२५ मध्ये नवीन धक्के आणि दुरुस्तीच्या सोयींचं उद्घाटनही झालं. पण तिथली शिपलिफ्ट दहा हजार टनांची, ती विमानवाहू उचलणार नाही. म्हणून विक्रमादित्यच्या दुरुस्तीचा बाराशे कोटींचा करार नोव्हेंबर २०२४ मध्ये परत कोचीन शिपयार्डशीच झाला, तिथे २०२४ च्या जानेवारीत ३१० मीटरची नवी ड्राय डॉक सुरू झालीये.

हिशेब लावा. राहायला कारवार, विमानं गोव्यात, मोठ्या दुरुस्तीला कोची, आणि आपल्या समोर २८१ मीटरची गोदी. हे सगळं एकाच जागी असू नये हे मलाही कळतं, युद्धात एकाच जागी सगळं ठेवणारा मूर्ख. पण तिसऱ्या विमानवाहूची चर्चा चालू असते तेव्हा कोणी तिच्या धक्क्याबद्दल बोलताना ऐकलंय का, प्रत्येक वेळी टन आणि विमानांची संख्या. माझं स्पष्ट मत आहे की धक्का, गोदी आणि क्वार्टर आधी मंजूर करा, जहाज नंतर.

लाँचवाल्यांबद्दल तक्रार एकच पण मोठी. माइक आहे, स्पीकर आहे, आणि त्यावर फक्त चिप्स, चहा आणि "बर्ड को खिलाओ" एवढंच. एवढा इतिहास डाव्या हाताला पडलाय, १७३५ पासूनची गोदी, लवजी वाडियांनी सुरतेहून येऊन उभी केलेली, इथे १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडात तरंगतंय, आणि लाँचवर त्याचा एक शब्द नाही. कोळी पोरं आहेत लाँचवर, त्यांना दोन पानं लिहून दिली तर मस्त बोलतील. फोटोचं म्हणाल तर युद्धनौकांकडे मोबाइल धरला की ओरडतात आणि ते बरोबरच आहे, वाद घालू नका.

जुनी विक्रांत ज्यांनी बघितलीये त्यांना जास्त लागेल हे सगळं. १९६१ मध्ये आली, १९९७ ला निवृत्त, मग २०१२ पर्यंत म्युझियम म्हणून इथेच उभी होती आणि २०१४ ला साठ कोटींत विकून मुंबईतच दारूखाना भागात भंगार म्हणून तोडली. विराट या दुसऱ्या जुन्या विमानवाहूसाठी तर राज्य सरकारने सिंधुदुर्गात निवतीजवळ म्युझियम करायला ८५२ कोटी मंजूर केले होते, गेली ती गुजरातेत अलंगला भंगारात, २०२० मध्ये. येताना मामाला विचारलं तू विराटवर कधी काम केलंस का, तर म्हणाला तिच्या बॉयलर रूममध्ये माझा एक पान्हा राहिलाय.

परत गेटवेला उतरलात की टॅक्सी करू नका, लायन गेटपर्यंत चालत जा, तिथे जुन्या विक्रांतच्या पत्र्याचं शिल्प आहे, अर्झान खंबाटांनी केलेलं, बाजूने रोज हजार माणसं जातात आणि वर बघत नाहीत.

लाँच पाचपैकी तीन, बकलांचे आणि माइकचे गुण कापलेत. डाव्या हाताचा नजारा पाचपैकी पाच. लेणी सोमवारी बंद असतात आणि घारापुरीहून परतीची शेवटची लाँच कधी आहे ते उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा.