सिंगर १५के पायमशीन: गणपती ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव आणि मुंबईतला सुट्या भागांचा शोध

स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे घडलेली सिंगर १५के ही पायमशीन मी गेल्या गणपतीच्या सुमारास घेतली. तेव्हापासून घरातले सगळे शिवणकाम, म्हणजे ब्लाउज, पडद्यांच्या कडा, कापडी पिशव्या आणि जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या, मी तिच्यावरच करते. एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे, की मुंबईत जुने शिवणयंत्र घेताना त्यावरची सोनेरी नक्षी, त्याचे वय आणि त्याची किंमत यांच्याही आधी ते कोणत्या वर्गाचे, म्हणजे सिंगरच्या कोणत्या क्रमांकाच्या रचनेचे, आहे ते पाहावे. यंत्र पुढची वीस वर्षे चालेल की दिवाणखान्यात शोभेला राहील, हे त्यावरूनच ठरते.

१५ या वर्गाची रचना सिंगरची आणि एकोणिसाव्या शतकातली. पुढे जपानमधील कारखान्यांनी ती उचलली, आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची काळी उषा त्याच घडणीची निघाली, आणि लुधियानातील लहानमोठे कारखाने आजही त्याच मापाचे भाग तयार करतात. त्यामुळे क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद झाला असला, तरी त्याने बनवलेल्या १५केची बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ), ती जिच्यात बसते ती बॉबिन केस, खालच्या दोऱ्याशी टाका गुंफणारे शटल, वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा टेन्शनचा संच, कापड पुढे सरकवणारे दात, सुईखालची प्लेट हे सर्व मुंबईत शिंप्यांना सामान पुरवणाऱ्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळू शकते. गिरगावात माझ्या मामींकडे सिंगरचीच २८के हातमशीन आहे. दिसायला ती माझ्या मशीनपेक्षा देखणी आणि शिवणही सुरेख. पण तिच्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, मागेपुढे झुलणारे शटल आणि लांबट बॉबिन असते. ते शटल हरवले किंवा टोकाला झिजले, तर तसेच दुसरे जुने यंत्र मोडीत निघण्याची वाट पाहण्यावाचून फारसा इलाज नसतो. तिच्या लांबट बॉबिनवर ८२२८ हा सिंगरचा भाग-क्रमांक शोधायचा असतो, आणि अशा बॉबिन हाती लागल्या की एकदम मूठभर घेऊन ठेवाव्यात.

ओळख पटवण्याचे काम अवघड नाही. यंत्राच्या बैठकीवर उजव्या बाजूला ठोकलेला अनुक्रमांक वाचावा. ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरे असतील, तर यंत्र १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचे आणि क्लाइडबँकचे समजावे. ‘१५के’मधला ‘के’ हा तिथल्या किल्बोवी कारखान्याचा. मूळ भागांवर, म्हणजे दाबपायावर, सरकत्या पट्टीवर किंवा बॉबिन केसवर, ‘सिमॅन्को’ असा बारीक शिक्का आणि भागाचा क्रमांक असतो. तो असेल, तर भाग सिंगरच्याच कारखान्यातून आलेला आहे. मुंबईत अशी यंत्रे इतकी का सापडतात, याचे एक कारण जुने आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा हिंदुस्थानातील व्यवहार एन. एम. पटेल हे पारशी गृहस्थ सांभाळत होते, आणि त्या काळापासून ही यंत्रे या शहरातील घरांत आणि शिंप्यांच्या दुकानांत येत राहिली.

चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, यंत्रे पुष्कळ दिसतात, पण तिथे विकणाऱ्याचा भर शोभेवर असतो. काळा रंग नव्याने मारलेला, नक्षी नव्याने चिकटवलेली आणि आत वाळलेल्या तेलाने शटल जागीच बसलेले, असे यंत्र पाहण्यात आले तर नवल वाटू नये. माझा सल्ला असा, की तिथे अखंड यंत्रापेक्षा अपुरे, मोडके यंत्र भागांसाठी म्हणून पाहावे. शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या बाजारात असे माल अधिक असतात. सिंगरचे जुने जोडपाय, म्हणजे चुण्या घालणारा, दुमड घालणारा, पट्टी लावणारा, पत्र्याच्या डब्यात एकत्र मिळाले तर अवश्य घ्यावेत. १५केचा दाबदांडा, म्हणजे पाय ज्याला जोडतात तो दांडा, आखूड मापाचा असल्यामुळे ते तिच्यावर बसतात आणि घरगुती उषावरही बसतात.

आता बॉबिन केसविषयी सविस्तर, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे असते. दुकानात १५ वर्गाच्या बॉबिन केस दोन प्रकारच्या मिळतात. एकीवरचे बाहेर आलेले बोट घड्याळातील अकराच्या दिशेला असते, दुसरीवरचे एकच्या दिशेला. सरळ टाक्याच्या जुन्या काळ्या यंत्रांना अकराच्या दिशेची लागते, तर एकच्या दिशेची ही नंतरच्या, झिगझॅग शिवणाऱ्या यंत्रांसाठी असते. चुकीची केस जागी नीट बसत नाही. बसल्यासारखी वाटली तरी दोरा अडकतो आणि पुढे सुई तिच्यावर आपटते. त्यामुळे दुकानदाराला नुसते ‘पंधराची द्या’ म्हणण्यापेक्षा आपली जुनी केस हातात धरून जुळवून घ्यावी. माझ्या नेहमीच्या दुरुस्ती करणाऱ्या काकांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “ताई, नवीन केस आणा, पण जुनी फेकू नका; तिचा पोलाद आता मिळत नाही.” ते अगदी खरे ठरले. लुधियानाच्या नव्या केसचा खालचा दोरा दाबणारा पत्रा काही महिन्यांत सैल होतो, आणि त्यावरचा बारीक स्क्रू अधूनमधून पावपाव आटा आवळावा लागतो. जुन्या केसचा पत्रा मी फक्त साफ करून तेलाचा हात फिरवला, आणि ती अजून एकाच दाबावर चालते आहे.

बॉबिनही अशाच पारखून घ्याव्यात. १५ वर्गाच्या बॉबिनच्या दोन्ही चकत्या सपाट असतात, तर सिंगरच्याच ६६ वर्गाच्या बॉबिनच्या चकत्यांना किंचित फुगवटा असतो आणि नवख्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच वाटतात. काचेवर ठेवून गोल फिरवल्यावर जी डगमगते ती घेऊ नये.

दुसरा मोठा विषय आट्यांचा. सिंगरचे स्क्रू नेहमीच्या हार्डवेअरच्या मापाचे नसतात. दाबपायाचा स्क्रू ९/६४ इंच जाडीचा आणि इंचाला ४० आट्यांचा असतो. मिलिमीटरच्या मापातला साडेतीनचा स्क्रू त्याच्या इतका जवळ जातो, की तो एक-दोन फेरे सहज शिरतो आणि मग आतले आटे कापत जातो. माझ्या यंत्राच्या आधीच्या मालकांकडे कुणीतरी नेमके हेच केले होते. नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्ट आणि हत्यारांच्या दुकानांची रांगच आहे. तिथे या मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, मिळवून लेथवाल्याकडून ते भोक हळुवार साफ करून घेतले, आणि स्क्रू मात्र शिवणयंत्राच्या दुकानातूनच घेतला. जुना स्क्रू निघत नसेल, तर आधी त्यावर पातळ तेल सोडून एक रात्र थांबावे. पेचकसाचे पाते खाचेत घट्ट बसणारे असावे, नाहीतर खाचच उडते.

सुईखालची प्लेट आणि दात हे भाग लुधियानाचे असले तरी चालतात, मात्र दात प्लेटच्या फटींत मध्यावर येतात का, हे चाक हाताने फिरवून पाहावे. कडेला घासले तर परत करावे. प्लेटच्या भोकाला सुईचे ओरखडे पडले असतील, तर दोरा तुटतो आणि दोष दोऱ्याला लागतो. अशी प्लेट बारीक पॉलिश कागदाने सारखी करता येते.

सुई ‘एचए’ प्रकारची, एका बाजूने चपटी. कारखान्यांतल्या मशीनची गोल दांड्याची ‘डीबी’ सुई दुकानात शेजारीच ठेवलेली असते, ती घेऊ नये. १५केमध्ये सुईची चपटी बाजू डावीकडे ठेवायची आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. सुती कापडाला १४, गोधडीला १६ आणि जीन्सच्या शिवणीवर १८ नंबर, एवढ्यात माझे काम भागते.

पावसाळ्यात या शहराची हवा यंत्राच्या मुळावर उठते. चामडी पट्टा ओलसर होऊन सैल पडतो, मग अर्धा इंच कापून तारेचा सांधा पुन्हा मारावा लागतो. झाकण घट्ट लावून ठेवलेल्या यंत्रात सुईदांड्यावर गंज लवकर येतो, त्यामुळे रोज थोडे तरी शिवणे आणि आठवड्यातून एकदा सर्व भोकांत पांढरे मशीन तेल टाकणे, हाच खरा उपाय आहे. नारळाचे किंवा स्वयंपाकाचे तेल घालू नये, ते वाळून डिंक होते. बाहेरची नक्षी स्पिरिटने पुसू नये. तिच्यावरचे लाखेचे जुने आवरण स्पिरिटमध्ये विरघळते आणि सोने कापडावर येते.

शिवण कशी आहे? इंचाला ६ पासून ३० टाक्यांपर्यंतचे आकडे टाक्याची लांबी ठरवणाऱ्या दांडीच्या पट्टीवर आहेत, आणि १२ वर ठेवलेला टाका मऊ मलमलीवर आणि चार पदरांच्या गोधडीवर सारखाच सरळ येतो. दोरा मागे सरकत नाही, कापड ओढले जात नाही. विजेवर चालणारे हलके घरगुती यंत्र ज्या जाडीवर थांबते, तिथे हे पायाच्या एका दाबाने पुढे जाते. उलट दिशेने शिवता येते, ही त्या दांडीची आणखी एक सोय. काजे करण्यासाठी वेगळा जोड लागतो, होजिअरीचे ताणले जाणारे कापड तिच्यावर शिवू नये, आणि वन-बीएचकेमध्ये बिडाचा स्टँड जागा बरीच अडवतो. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी तेच डोके लाकडी बैठकीवर हाताच्या चाकासह बसवून घ्यावे. चाकाचा तो संचही लुधियानाचा मिळतो.

सध्या मी टेन्शनच्या मूळ चकतीच्या शोधात आहे, जिच्यावर ० ते ९ आकडे कोरलेले असतात. नवा संच काम नीट करतो, पण त्यावर आकडे नसल्यामुळे कापड बदलल्यावर दाब पुन्हा अंदाजाने लावावा लागतो.