गुंडाळी पट, आठ महिने आणि माझे बेकायदा डाव

गुंडाळून ठेवता येणारा बुद्धिबळाचा पट आणि बुडाशी वजन असलेले प्लास्टिकचे मोहरे, असा संच आठ महिन्यांपूर्वी घेतला. नियम आपल्याला येतात, फक्त सराव हवा, अशा समजुतीत होतो. त्याआधी वर्षभर फोनवरच्या ॲपवर खेळलो होतो ना! पहिल्याच डावात मी ऐटीत उंट बाहेर काढला आणि समोरून भाची शांतपणे म्हणाली, "मामा, तुझ्या राजाला शह आहे. तीन चाली झाल्या. बघत होते, तुला कळतंय का."

ॲपमध्ये मोहऱ्यावर बोट ठेवलं की तो जिथे जाऊ शकतो तिथे ठिपके उमटतात. चुकीची चाल करताच येत नाही. म्हणजे नियम ठिपक्यांना येत होते, मला नव्हे. बेकायदा चाल लक्षात आली की तिच्या आधीच्या स्थितीला परत जायचं असतं, पण आम्ही चाली लिहिल्या नव्हत्या, त्यामुळे डाव मोडावा लागला. तेव्हापासून वही असते.

संचाबद्दल तक्रार कमी. राजा साडेनऊ सेंटिमीटर आणि घर साडेपाच, म्हणजे फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या मापात बसणारं. पटाच्या कडा सुरुवातीला वर यायच्या. उलटा गुंडाळून दोन रात्री ठेवला, सपाट झाला. एका हत्तीच्या बुडाचं कापड निघालंय, एवढंच. जास्तीचा एकेक वजीर दिलाय तो फार उपयोगी, कारण प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा वजीर करता येतो, आणि तो हाताशी नसला की लोक हत्ती उलटा ठेवतात. फिडेच्या नियमांत उलटा ठेवलेला हत्ती हत्तीच धरतात. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

खरा घोळ खोक्याच्या चित्रात आणि सोबतच्या पत्रकात आहे. चित्रात खेळाडूच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर काळं दाखवलंय. ते पांढरं हवं. तसाच पट मांडून 'वजीर आपल्या रंगाच्या घरात' हा नियम लावलात तर राजा-वजिराच्या जागांची अदलाबदल होते. पत्रकात तर लिहिलंय की एकदा शह बसलेल्या राजाला पुढे कॅसलिंग (राजा हत्तीकडे दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायची एकत्र चाल) करता येत नाही. साफ चूक! शह निघाला आणि राजा जागचा हलला नसेल तर करता येतं. शह असताना, किंवा राजा ओलांडतो ते वा थांबतो ते घर माऱ्यात असताना करता येत नाही. राजा आणि हत्ती आधी हललेले नकोत, मध्ये कोणी नको. हत्ती माऱ्यात असला तरी चालतो. या एका चुकीच्या ओळीपायी मी कितीतरी डाव राजा उघड्यावर ठेवून खेळलो.

आणि आँ पासाँ, म्हणजे दोन घरं उडी मारलेलं प्यादं मारायचा खास नियम. माझं प्यादं जी-२ वरून दोन घरं उडी मारून जी-४ वर गेलं. भाचीचं एच-४ वरचं प्यादं तिरकं जी-३ या रिकाम्या घरात आलं आणि तिने माझं प्यादं उचलून बाजूला ठेवलं. ॲपने हेच एकदा केलं होतं, तेव्हा बिघाड समजून मी त्याला एक तारा देऊन मोकळा झालो होतो. (तो नंतर पाच केला.) पूर्वी प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. खेळाला वेग यावा म्हणून दोन घरांची मुभा आली, पण तिचा फायदा घेऊन शेजारच्या प्याद्याच्या माऱ्यातून निसटता येऊ नये, म्हणून हा नियम. मारायचं तर लगेचच्या चालीत, नाहीतर हक्क गेला. कारण कळल्यावर तो पुन्हा विसरलो नाही.

सर्वात जिव्हारी लागलेला डाव वेगळाच. माझ्याकडे राजा आणि वजीर, तिच्याकडे एकटा राजा, तोही कोपऱ्यात. मी वजीर त्याच्यापासून अडीच घरांवर, म्हणजे घोड्याच्या चालीवर नेऊन ठेवला आणि पाणी प्यायला उठलो. परत येतो तर ही हसतेय. राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत. मी वजिराकडे हात नेला तर म्हणते, "चाल झाली तुझी, मामा."

संच घ्या, पत्रक मात्र वाचू नका. आमच्या पत्रकातली कॅसलिंगची ओळ भाचीने लाल पेनाने खोडलीय, आणि खोक्यावरच्या काळ्या कोपऱ्यावर पांढरा कागद चिकटवलाय.