सिकलसेल प्रकल्पातली नोकरी आणि गेलेले ४७,८६० रुपये

बी.एस्सी. आणि वर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मी तालुक्याच्या लॅबमध्ये महिना ७,००० रुपयांवर काम करते. 'विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन विभागात, सिकलसेल प्रकल्पावर लॅब टेक्निशियन, एकत्रित मानधन २८,०००' अशी जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली. मी अर्ज केला. लोक म्हणतात, हावरटपणा नडला. यात हावरटपणा कुठे आला? विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट गावोगावी आहेत, २०२३ पासून केंद्राचं निर्मूलन अभियानही सुरू आहे. प्रकल्पावरच्या जागा लेखी परीक्षेविना, नुसत्या मुलाखतीवर, कराराने भरतात हेही खरंच आहे. या चोरांना ते पक्कं ठाऊक आहे.

मोबाइलवर मुलाखत झाली. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची पहिली चाचणी, पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करशील, असं विचारलं. मी इलेक्ट्रोफोरेसिस, एचपीएलसी या खात्रीच्या तपासण्या सांगितल्या. असा प्रश्न भामटा विचारेल असं कुणाला वाटेल?

मग कागदपत्र पडताळणीचे जीएसटीसह २,३६०. नंतर अनामत १८,५००, रुजू होताना परत मिळणारी.

क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर विद्यापीठाचं नाव नाही, एका माणसाचं नाव. तिथेच सगळं संपायला हवं होतं. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. मी विचारलं हो! फोनवरचा माणूस म्हणाला, "लेखापालांचं खातं आहे. विद्यापीठाच्या खात्यातून पावती यायला वेळ लागतो, तोवर जागा दुसऱ्याला जाईल." आपल्याकडे कुठल्याही कार्यालयात पैसे बाबूच्याच हातात द्यायची सवय लावलेली, मग शंका येणार कशी? पैसे पाठवले. शेवटचे २७,००० प्रशिक्षणाचे, बाबांच्या कापसाच्या चुकाऱ्यातले. त्यानंतर फोन बंद.

निवड झाल्यावर खरा नोकरी देणारा पैसे मागत नाही. एक रुपयाही नाही. मेल जीमेलवरून आली तर तिथेच थांबा, विद्यापीठाचा पत्ता बहुधा 'एसी डॉट इन'ने संपतो.

बाबा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, सायबरचं आहे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणाले, खातं परराज्यातलं, रक्कम लहान. लहान? आमच्या घरात ही वर्षाची बियाणं-खताची रक्कम आहे! गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ते बाबांनी बोलून दाखवलं तर "आम्हाला कायदा शिकवता का?" बँकेने मूळ शाखेकडे बोट दाखवलं. ज्या विद्यापीठाचं नाव वापरलं तिथल्या बाईंनी "आमची जाहिरात नाही" एवढं बोलून फोन ठेवला. अहो, मग वेबसाइटवर तशी सूचना टाका ना! पुढची पोरगी तरी वाचेल.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, रक्कम खात्यातून पुढे सरकायच्या आत. मला तो नंबर ठाण्यात कुणी सांगितला नाही, चुलतभावाने सांगितला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

नेमणूकपत्र आलं असेल तर जावक क्रमांक, प्रकल्पाचा मंजुरी क्रमांक आणि मुख्य संशोधकाचं नाव बघा, मग त्या विभागात स्वतः जाऊन विचारा. एसटीचं भाडं परवडतं. माझ्या पत्रावर यातलं एकही नव्हतं, नुसता गोल शिक्का होता. त्या पत्राची झेरॉक्स पोलिसांनी अजून घेतलेली नाही.