चेबिशेवचं चालतं यंत्र (लाकडी संच): पिना बदला, मग बघा

बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढल्यावर खोक्यावर 'तंतोतंत सरळ रेषा' असं छापलेलं दिसलं की हसू येतंच. रशियन गणिती पाफनुती चेबिशेवने बनवलेल्या, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या चालत्या यंत्राचं हे मॉडेल. चार पाय, प्रत्येकाला एक लॅम्डा जोडणी, म्हणजे फिरत्या गतीतून पायाचं टोक जवळजवळ सरळ रेषेत नेणारी दांड्यांची रचना. क्रँक (गोल फिरणारी छोटी दांडी) २ सेंमी, दोन स्थिर टेकूंमधलं अंतर ४, झुलती दांडी ५, पाय धरणारी लांब दांडी १०. मापं चोख, प्लायही बरा. पिना मात्र भिकार! भोकात अर्धा मिलिमीटर ढिलाई. पहिल्या दिवशी गडी झिंगल्यासारखा चालला.

मग पितळी पिना स्वतः कातून बसवल्या आणि पायाच्या टोकाला डायल गेज (बारीकसा फरक काट्यावर दाखवणारं मापक) लावलं. क्रँकच्या अर्ध्या फेऱ्यात टोक ८ सेंमी सरकतं आणि काटा हलतो जेमतेम ०.२ मिमी. दोन्ही कडांना आणि मधोमध रीडिंग एकच. अध्येमध्ये दोन फुगवटे, दोन्ही अगदी एकाच उंचीचे. ते बघून मी परत फिरवलं, परत तेच.

सगळी गंमत इथेच आहे. वाफेच्या इंजिनातली दट्ट्याची दांडी सरळ चालावी म्हणून वॅटने केलेली जोडणीसुद्धा थोडी चुकतेच. चेबिशेव १८५२ मध्ये युरोपात यंत्रं बघत हिंडला आणि १८५४ च्या निबंधात त्याने हिशोब मांडला तो असा: चूक जात नाही ना, मग ती सगळीकडे सारखी वाटा, म्हणजे मोठ्यात मोठी चूक लहानात लहान राहील. त्याच्या नावाच्या बहुपदी यातूनच आल्या.

सोबतच्या पत्रकात यातलं अक्षर नाही. अर्धं पान खर्च केलंय त्याच्या अधू पायावर, जणू यंत्र सुचलं ते त्यापायीच. तो लहानपणापासून लंगडायचा, काठी घेऊन चालायचा, हे खरं. पण एकाहून मोठी कुठलीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये एक तरी मूळ संख्या असतेच, हे त्याने सिद्ध केलं ते काय पाय दुखत होता म्हणून?

जोडताना एक सांभाळा: कर्णावरचे दोन पाय एका वेळी टेकले पाहिजेत, आणि दुसऱ्या जोडीचे क्रँक अर्धा फेरा पुढे. चित्रात हेच उलटं दाखवलंय, माझी एक संध्याकाळ त्यात गेली. सपाट टेबलावर झकास चालतं, सतरंजीवर अडखळतं, वळता तर येतच नाही.

पाचपैकी तीन तारे. पिना धड असत्या तर साडेचार दिले असते; अर्धा पत्रकापायी कापलाच असता.