आठ महिने पणजोबा शोधले: सीडब्ल्यूजीसीच्या साइटचा अनुभव

आमच्या पणजोबांबद्दल घरात एकच वाक्य होतं, "आबिशिनियाच्या लढाईत गेले." पणजी एवढंच सांगायची आणि चुलीकडे तोंड करायची. आम्ही सातारा तालुक्यातले, आमच्याकडे प्रत्येक भावकीत कुणीतरी पलटणीत गेलेला असतोच, त्यामुळे कुणी खोदून विचारलंही नाही. गेल्या दिवाळीत आत्याच्या ट्रंकेत पितळेची सहा टोकांची चांदणी सापडली, घासल्यावर मधे राजाचा मुकुट आणि गोल कडेला 'द आफ्रिका स्टार' दिसलं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं पदक. आत्या म्हणे लहानपणी आम्ही ही भातुकलीत ताटली म्हणून घ्यायचो. अशीच अजून एक होती म्हणे, ती बहुतेक बोहारणीकडे गेली.

तर तेव्हापासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची म्हणजे सीडब्ल्यूजीसीची (ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साइट वापरतोय. फुकट आहे, पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सतरा लाख लोकांच्या नोंदी आहेत. *मेलेल्या* हा शब्द नीट वाचा. तुमचे आजोबा लढून परत आले आणि गावात शेती केली तर ते इथे सापडणार नाहीत, त्यासाठी बेळगावचं मराठा रेजिमेंटल सेंटर किंवा जिल्हा सैनिक कार्यालय, तो वेगळाच प्रवास आहे.

पहिले तीन महिने माझे फुकट गेले आणि त्यात चूक माझीच. आबिसिनिया म्हणजे इथिओपिया, म्हणून मी अदिस अबाबाच्या याद्या चाळत बसलो, मग केनिया, मग सुदान. शेवटी चांदणीनेच वाट दाखवली. ती कुणाला मिळायची याचे नियम बघितले तर पूर्व आफ्रिकेतल्या लढाईसाठी १० जून १९४० ते २७ नोव्हेंबर १९४१ ही मुदत. त्या काळात मराठ्यांची कुठली पलटण तिकडे होती ते शोधलं तर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ३ री बटालियन निघाली, आणि ती लढली एरिट्रियात, म्हणजे इटलीच्या वसाहतीत, केरनला. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांसाठी तो सगळा मुलूख आबिसिनियाच. केरन म्हणजे डोंगरांनी वेढलेलं गाव, आस्माराकडे जाणारा रस्ता एका अरुंद खिंडीतून, आणि ती खिंड इटालियन लोकांनी सुरुंग लावून दगडांनी बुजवून टाकलेली, म्हणजे दोन्हीकडचे कडे घेतल्याशिवाय पुढे जाताच येईना. फेब्रुवारीत सुरू झालेली लढाई २७ मार्च १९४१ ला संपली. ब्रिटिशांच्या बाजूचे पाचशेच्या वर मेले आणि तीन हजारांवर जखमी झाले, त्यात ४ थी आणि ५ वी इंडियन डिव्हिजन म्हणजे आपलीच माणसं भरपूर. सह्याद्रीतला माणूस तिथेही कडेच चढत होता, हे वाचताना जरा कसंतरी झालं.

आता सर्चबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. पलटणीचं नाव आजच्या स्पेलिंगने टाकलं तर शून्य रिझल्ट, मला वाटलं साइट बंद पडली. जुनं स्पेलिंग एम ए एच आर ए टी टी ए असं आहे. माणसाच्या नावाचं तर विचारू नका, आमच्या पणजोबांच्या नावात ज्ञ आहे आणि ज्ञ इंग्रजी कारकुनाच्या हातात सापडला की त्याचं काहीही होऊ शकतं. आडनाव पवार, ते कधी पोवार, कधी पुआर. त्यात काही नोंदींत नाव आणि आडनाव दोन्ही आडनावाच्याच रकान्यात कोंबलेलं. म्हणून माझा सल्ला, नाव टाकूच नका. देश एरिट्रिया, रेजिमेंट मराठा, तारीख मार्च १९४१, एवढंच टाका, येईल ती यादी एक्सेलमध्ये डाउनलोड करा आणि एका संध्याकाळी चहा घेऊन बसून मोठ्याने वाचा. हो, मोठ्याने. डोळ्यांना जे नाव परकं वाटतं ते कानाला बरोबर कळतं. मी वाचत होतो आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, "थांब, परत वाच, तेच आहेत!"

शिपायाच्या नोंदीत 'अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, गाव, सातारा' असं लिहिलेलं असतं (सगळ्यांच्या नाही, पण आमच्या होतं). गावाचं नाव मोडकंतोडकं पण ओळखू येण्यासारखं, आणि पणजीचं नाव चक्क छापलेलं. कबर नाही. मी इतके दिवस कबर नंबर शोधत होतो आणि आपल्या लोकांना तिथे अग्नी दिला हे डोक्यातच आलं नाही, हिंदू आणि शीख सैनिकांची नावं केरन क्रिमेशन मेमोरियलवर आहेत. नोंदीसोबत जुन्या टाइप केलेल्या कागदाचे स्कॅनही मिळतात, आमच्या पानावर एका नावावर पेनने काट मारून वर दुरुस्ती केलीय. ते दुरुस्त केलेलं स्पेलिंगही चूकच आहे हा भाग वेगळा.

दुसऱ्या पर्यायांचं थोडक्यात सांगतो. एका पेड वंशावळ साइटचं सहा महिन्यांचं सबस्क्रिप्शन घेतलं, पैसे पाण्यात, गोऱ्या ऑफिसरांच्या बायकांचे बाप्तिस्मे सापडतात, आपला शिपाई नाही. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६९ सिरीजमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या म्हणजे युद्धातल्या रोजच्या नोंदी आहेत, पण त्यात बहुतेक ऑफिसरांची नावं आणि हालचाली, शिपायांचे फक्त आकडे, तरी पुढच्या वर्षी कॉपी मागवणार आहे.

पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकेबद्दल शोधत असाल (पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदराची लढाई वगैरे) तर मन घट्ट करून जा. २०२१ मध्ये कमिशननेच मान्य केलं की तेव्हाच्या हजारो भारतीय आणि आफ्रिकन मृतांना गोऱ्यांसारखी वागणूक मिळाली नाही, कित्येकांची नावं कुठेच कोरली नाहीत. म्हणजे नाव नाही सापडलं तर चूक तुमच्या शोधण्यातच असेल असं नाही. त्याच वर्षी लाहोर म्युझियममधली पंजाबच्या पहिल्या महायुद्धातल्या ३,२०,००० सैनिकांची रजिस्टरं ऑनलाइन येऊ लागली. आपल्या साताऱ्या-रत्नागिरीचं असं काही कधी होणार देव जाणे.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी चार, एक मार्क सर्चच्या आडमुठेपणासाठी कापला. साइटवरून नावाचं सर्टिफिकेट फुकट डाउनलोड होतं, ते प्रिंट करून आत्याला दिलं. तिने चष्मा लावून मुलीकडून वाचून घेतलं आणि पहिलंच काय म्हणाली तर "आजीचं नाव चुकलंय, दुरुस्त करून आण." पुरावा दिला तर ते दुरुस्ती करतात. पणजीचं पेन्शनचं पुस्तक शोधायला घेतलंय, माळ्यावरच्या दोन पेट्या उघडून झाल्या, तिसरीची किल्ली सापडत नाहीये.