डोकं दुखतंय: सुंठीचा लेप की पेपरमिंटचं तेल?

रोज अंधेरी ते चर्चगेट करणारी माझी मामेबहीण विचारत होती, डोकं धरलं की आत्याचा सुंठीचा लेप लावू की पेपरमिंटचं तेल आणू?

खर्चात सुंठ स्वस्त, घरात असतेच. मेहनत मात्र तिलाच जास्त. सहाणेवर पाणी घालून उगाळायची, कोमट करून कपाळावर लावायची आणि पडून राहायचं. चरचरायला लागलं की लगेच धुवायचं, नाहीतर कातडी लाल होते. ऑफिसात हे कुठून जमणार!

तेलाची बाटली पर्समध्ये मावते. पण थेट लावू नकोस; चमचाभर खोबरेलात पाच-सहा थेंब, कानशिलांवर, डोळ्यांपासून लांब. लहान मुलांच्या तोंडाजवळ तर नकोच. ताणाच्या डोकेदुखीवर 10 टक्के पेपरमिंट तेलाचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे. लेपामागे मुख्यतः घरचा अनुभव आहे.

पुन्हा दुखू नये म्हणून यातलं काहीच पुरत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाण्याची बाटली, वेळेवर डबा आणि पुरती झोप हवीच.

रविवारी घरी असशील तर लेप लाव. लोकलमध्ये, ऑफिसात तेल. अचानक असह्य दुखलं, तापासोबत मान आखडली किंवा जीभ अडखळली, तर दोन्ही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठ.