रत्नागिरीतला बेली डान्सचा वर्ग: नवशिक्यांसाठी कसा आहे?

रत्नागिरीत भरतनाट्यम आणि कथक शिकवणाऱ्यांची वानवा नाही. बेली डान्स मात्र इथे अजून नवलाईचा विषय आहे, त्यामुळे या वर्गात नाव घालण्यापूर्वी चौकशी करावी असे फारसे कोणी भेटत नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी तिथे जाते आहे. पूर्वी कोणताही नाच न शिकलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईचा हा अभिप्राय आहे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

वर्गाची सर्वांत जमेची बाजू म्हणजे शिकवण्याचा क्रम. गाणे लावून लगेच नाच बसवून घेण्याचा मोह शिक्षिका कटाक्षाने टाळतात. सुरुवातीचे बरेच तास नुसते नीट उभे राहण्यातच जातात: गुडघे किंचित सैल, माकडहाड जमिनीच्या दिशेने, छाती उचललेली, खांदे मोकळे. एक अवयव हलत असताना बाकीचे शरीर स्थिर ठेवणे हा या नृत्याचा पाया आहे, आणि डोक्यावर हंडा-कळशी घेऊन पाखाडी चढणाऱ्या बाईची चाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. शरीराला ती वळायला मात्र वेळ लागतो.

शिमीचे, म्हणजे कमरेच्या थरथरीचेच उदाहरण घ्या. पाहणाऱ्याला वाटते की कंबर थरथरते आहे, पण खरे काम गुडघे करत असतात. एक गुडघा सरळ होतो तेव्हा दुसरा वाकतो, सरळ झालेल्या बाजूची कंबर आपोआप वर उचलली जाते आणि ही अदलाबदल वेगाने होऊ लागली की ती थरथर दिसते. नव्या बायका हमखास पोट आवळून कंबर रेटू लागतात. अशा वेळी शिक्षिका समोर लादीवर बसतात, आपले तळवे शिकणारीच्या गुडघ्यांवर ठेवतात आणि म्हणतात, "काकू, कंबर सोडून द्या. आधी फक्त गुडघे, तेही सावकाश." वेग वाढवण्याची घाई त्या कोणालाच करू देत नाहीत, हे मला विशेष आवडले.

तालाकडेही इथे चांगले लक्ष दिले जाते. जाखडीत किंवा लावणीत पायातला चाळ ठेका बोलतो. इथे पाऊल जवळजवळ मुके असते आणि दरबुका या हाताने वाजवायच्या तालवाद्यावरचा जड 'दुम' कमरेने दाखवायचा असतो. मकसूम हा चार मात्रांचा ताल 'दुम तेक, तेक दुम, तेक' असा टाळ्यांवर पक्का करून घेतला जातो. बलदी या तालात पहिल्या 'तेक'च्या जागीही 'दुम' येतो, म्हणजे सुरुवातीची जोडी 'दुम दुम' होते, आणि एवढ्याशा फरकाने चालीला केवढे वजन येते ते कानाने कळू लागते. पावसाळ्यात वीज गेली आणि स्पीकर बंद पडला की शिक्षिका तोंडाने बोल म्हणत तास पुढे चालवतात. माझ्या मते ते तास सर्वांत चांगले होतात.

नृत्याचा इतिहासही थोडक्यात सांगितला जातो, आणि तो कामाचा आहे. हिंदी चित्रपटांतल्या 'अरबी' गाण्यांवरून आपण जी कल्पना करून बसलेलो असतो, ती त्यामुळे जागच्या जागी दुरुस्त होते. घरगुती समारंभांतून, थोड्याशा जागेत होणारा हा नाच कैरोत रंगमंचावर कसा आला, बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये तिथे सुरू केलेल्या रंगगृहातून तहिया कारिओका आणि सामिया गमाल यांच्यासारख्या नर्तकी कशा पुढे आल्या, हे ऐकल्यावर हातांची लांब वळणे आणि मंचभर फिरणे यांचा उगम लक्षात येतो.

पोशाखाबद्दल घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून स्पष्ट लिहिते: पोट उघडे ठेवण्याची सक्ती नाही. लेगिंग्ज आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट चालतो. ढगळ कुर्ता नको, कारण त्यात चूक झाकली जाते. नाण्यांचा पट्टा मात्र पुढेमागे घ्यावा. तो शोभेपुरता नसतो; शिमी एकसारखी होते आहे की अडखळते आहे, हे त्याच्या आवाजावरून कळते. आपल्या खाऱ्या हवेत ती नाणी लवकर काळवंडतात, तेव्हा महागडा पट्टा घेण्यात अर्थ नाही.

आता उणिवा. वर्गाच्या जाहिरातीत 'पोट कमी करा' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ते दिशाभूल करणारे आहे. व्यायामाने एकाच जागेची चरबी निवडून उतरत नाही. या सरावाने पाठीपोटाचे स्नायू कामाला लागतात आणि उभे राहण्याची ढब सुधारते, तेवढे पुरेसे आहे. दुसरे म्हणजे, वार्षिक कार्यक्रम जवळ आला की पायाभूत सराव बाजूला पडतो आणि नव्यांना मागच्या ओळीत ढकलले जाते, जिथून आरसा दिसत नाही. लादी पावसाळ्यात दमट होऊन घसरते. अनवाणी सरावासाठी तिथे काहीतरी अंथरायला हवे, पण सांगूनही अद्याप काही झालेले नाही. सरावाचे चित्रीकरण न विचारता रीलसाठी वापरले जाण्यावरही काही जणींनी हरकत घेतली, त्यानंतर आधी विचारण्याची पद्धत पडली.

पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. शिक्षिकाही पहिल्या दिवशी याची चौकशी करतात. शुल्क महिना बाराशे रुपये आहे आणि शिकवण्याचा दर्जा पाहता ते जास्त वाटत नाही. प्रवेश घ्यायचाच असेल तर कार्यक्रम आटोपल्यावर सुरू होणाऱ्या नव्या तुकडीत घ्यावा, आणि संध्याकाळऐवजी सकाळची वेळ मागावी, कारण तेव्हा बायका कमी असतात आणि प्रत्येकीला आरशासमोर जागा मिळते.